आमचा बाप, आपला बाप

बोला — पिता, पुत्र, पवित्र आत्मा — एक देव, बोला!

मंडळी, आवाज निम्माच आला! मागच्या ओळीतले जेवून आलेले दिसतात. पुन्हा एकदा — एक देव, बोला! हां! आता छपराचे पत्रे हलले. पेटीवाले, जरा काळी चार धरा. तबलजी, तुम्ही पान थुंकून या, मी थांबतो.

ऐका मंडळी. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देव कसा आहे हे ज्याला तोंडपाठ आहे, तो देवासारखा वागतो का हो? माना हलवू नका! हो म्हणालात तरी फसाल, नाही म्हणालात तरी फसाल. कारण तोंडपाठ तर आपल्या सगळ्यांनाच आहे. देव किती? एक! त्या एका देवात कोण कोण? पिता, पुत्र, पवित्र आत्मा! झालं. रविवारच्या शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं, आणि बक्षिसाची पेन्सिल घेऊन घरी जातं. पण कळलं का? तीन असून एक म्हणजे काय — कळलं का?

एक माझा देव, एकटा तो नाही।
प्रेमाविण राही, कैसा देव॥

देव प्रेम आहे म्हणतो ना आपण? मग मला सांगा — जग नव्हतं, डोंगर नव्हते, तुम्ही नव्हता, मी नव्हतो, तेव्हा देव प्रेम कुणावर करत होता? एखादा माणूस खोलीत एकटा बसून म्हणाला, "मी फार प्रेमळ आहे हो!" — तर आपण काय विचारू? "कुणावर, बाबा?" प्रेमाला समोर कुणीतरी लागतं! म्हणून पिता पुत्रावर प्रेम करतो, पुत्र पित्यावर प्रेम करतो, आणि त्या दोघांच्या प्रेमाचा जो जिवंत श्वास तो पवित्र आत्मा. आधी कोण, नंतर कोण, थोरला कोण, धाकटा कोण — काही नाही. तिघे, आणि देव एकच. देव एक आहे, पण मंडळी, देव एकटा नाही!

हे मी सांगितलं, तुम्ही ऐकलंत. आता ते ज्यांना चाळीस वर्षं तोंडपाठ होतं त्यांची गोष्ट ऐका.

आपल्या नगर भागात टाकळी नावाचं गाव. टाकळ्या पुष्कळ आहेत, कुठली ते विचारू नका, नाहीतर उद्या मला तिथून पत्र येईल. त्या टाकळीत राहायचे थोमामास्तर कसोटे. मिशनच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. अंगावर पांढरं धोतर, काळा कोट, आणि कोटाच्या खिशात — लाल पेन्सिल! लोकांना लग्नपत्रिका आली की लोक तारीख बघतात. मास्तर ऱ्हस्व-दीर्घ बघायचे! एकदा एकाची पत्रिका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवली, आणि खाली शेरा — "पुन्हा लिहा." आता लग्न पुन्हा लिहायचं की पत्रिका, ते त्या नवरदेवाला कळेना! देवळात उपासना चालवणारे पाळकसाहेब बायबल वाचायला उभे राहिले आणि एक अनुस्वार चुकला, की तिसऱ्या बाकावरून मास्तरांचा खोकला यायचाच.

पण माणूस वाईट नव्हे हं. दर वर्षी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा वर्ग मास्तरच चालवायचे, फुकट, आपल्या ओसरीवर. त्रैक्याचा, म्हणजे तीन असून देव एकच कसा, हा धडा तर त्यांचा खास. फळ्यावर तीन वर्तुळं काढायची, एकमेकांत गुंफायची, आणि मध्ये लिहायचं — देव. माणसं म्हणायची, "मास्तर, तुमच्यासारखं कुणी समजावत नाही." मास्तर मान खाली घालायचे. नम्रतेनं नव्हे — खूश होऊन!

त्यांची बायको सुलाबाई, मऊ स्वभावाची. एकुलता एक मुलगा अनुग्रह, साखर कारखान्यावर फिटर. त्या अनुग्रहनं काय करावं? एके दिवशी लग्न करूनच घरी आला! मुलगी त्याच गावातली, पलीकडच्या आळीतली, शेतीवाडीच्या घरातली. नाव कौसल्या. तिच्या बापानं अंगणात उभं राहून तिला एवढंच सांगितलं — "तू आमच्यातून उठलीस." बस. त्या दिवसापासून त्या घराचं दार तिला बंद झालं.

आणि इकडे? इकडे मास्तरांनी काही दार बंद केलं नाही. "सूनबाई, आत या," म्हणाले. सुलाबाईंनी ओटी भरली नाही पण पोटाशी धरलं. तिला कुणी म्हणालंही नाही, की बाई, तू आमच्या धर्मात ये. मास्तरांना तसली घाई कधी नव्हतीच. तिला घरात घेतलं, तिचं तिला राहू दिलं.

पण मंडळी, दिवेलागणीला त्या घरात प्रार्थना व्हायची. सतरंजी अंथरायची, चौघांनी बसायचं. येशूनं शिकवलेली प्रार्थना मास्तर सुरू करायचे — "हे आमच्या बापा..." कौसल्या पहिले काही महिने नुसती ऐकत बसली. मग तिचे ओठ हलायला लागले. आणि एके दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "मामंजी, मला बी शिकवा. मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

मास्तरांचे डोळे भरून आले हो! इतक्या लोकांना शिकवलं, पण घरच्या सुनेला शिकवायचं! त्याच संध्याकाळी फळा पुसला, नवा खडू काढला.

पोरगी हुशार. सगळं भराभर पाठ. आणि मग आला त्रैक्याचा धडा. मास्तरांनी तीन वर्तुळं काढली. ती बघत राहिली. म्हणाली, "मामंजी, एक आन् एक आन् एक — तीनच व्हत्यात की!"

मास्तर हसले. म्हणाले, "असं बघ. पाणी गोठलं की बर्फ. तापलं की वाफ. तिन्ही रूपं, पण पाणी एकच."

"मंग बरफ झालं तवा पानी कुठं असतं? येशू क्रुसावर व्हता तवा वर बाप नव्हताच का? मंग त्यानं हाक कुणाला मारली?"

बघा मंडळी! मोठमोठ्या पंडितांनी जे भांडून भांडून ठरवलं ते या पोरीनं ओसरीवर बसून विचारलं! मास्तर जरा गडबडले. म्हणाले, "बरं, चूल घे. दगड तीन, पण चूल एक."

"त्यातला एक दगड काढला तर ऱ्हायलेले दोन दगडच ऱ्हात्यात की, मामंजी. देवाचं तसं असतंय व्हय?"

आणि मास्तर चिडले! का चिडले? ती चुकत होती म्हणून? छे! ती बरोबर विचारत होती म्हणून! बरोबर प्रश्नाइतका राग कशाचाच येत नाही माणसाला, मंडळी. मास्तरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, आमच्यात असं विचारत नाहीत."

आमच्यात! मंडळी, या शब्दापाशी जरा थांबा. आपली मराठी मोठी पाजी भाषा आहे. तिच्याकडे दोन शब्द आहेत — आम्ही आणि आपण. दारात पाहुणा उभा आहे. तुम्ही म्हणालात, "चला, आपण जेवू," की पाहुणा पाट ओढतो. आणि म्हणालात, "आम्ही जेवतो," की पाहुणा चपला शोधतो! शब्द एवढासा, पण त्यात समोरचा आत येतो नाहीतर बाहेर जातो. मास्तर तर व्याकरणाचे मास्तर. त्यांना हे माहीत नव्हतं? शिकवलं होतं त्यांनी! पण त्या वेळी तोंडातून निघून गेलं.

कौसल्या उठली, भांडी घासायला घेतली.

त्या दिवसापासून एक गंमत झाली. गंमत कसली — दिवेलागणीच्या प्रार्थनेत तिचा एक शब्द चुकायला लागला. सगळे म्हणायचे, "हे आमच्या बापा," आणि ती हळूच म्हणायची, "हे आपल्या बापा." पहिल्या दिवशी मास्तर खोकले. दुसऱ्या दिवशी प्रार्थना थांबवली! "सूनबाई, 'आपल्या' नव्हे, 'आमच्या'. आपण देवाशी बोलतो आहोत. देवाला 'आपल्या बापा' म्हटलं तर अर्थ काय होईल? आपला आणि देवाचा मिळून बाप! देवाला कुठला बाप?" ती म्हणाली, "व्हय मामंजी." आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा — "आपल्या बापा!" मास्तरांना झोप लागेना. तुम्ही हसताय, पण घरात व्याकरणाची चूक म्हणजे मास्तरांना डाळीतला खडा!

देवळाच्या पंचांसमोर तिची बाप्तिस्म्याआधीची परीक्षा शनिवारी ठरली होती. रविवारी बाप्तिस्मा. शुक्रवारी सकाळी सुलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अनुग्रहनं कारखान्यावर खोली बघितलीय. पहिल्या तारखेला जायचं म्हणतात दोघं."

मास्तर चमकले. "का? इथे काय कमी आहे?"

"ती म्हणते, ह्या घरात सगळे चांगले आहेत, पण मी पाहुणीच आहे. पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

"पाहुणी? कोण म्हणालं तिला पाहुणी?"

सुलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुम्ही. 'आमच्यात असं विचारत नाहीत.' बापानं सांगितलं आमच्यातून उठलीस, आणि सासऱ्यानं सांगितलं आमच्यात बसलीच नाहीस. तिनं जायचं कुठं?"

"अगं, मी सिद्धांताबद्दल बोलत होतो!"

"तुम्ही सिद्धांताबद्दल बोलता हो. तिला माणसाबद्दल ऐकू येतं."

एकुलता एक मुलगा, एकुलती एक सून, आणि पहिली तारीख आठवड्यावर आलेली! उठून दोन पावलं स्वयंपाकघरापर्यंत जायचं, "बाळ, चुकलो," म्हणायचं — एवढंच काम. पण मास्तर उठले नाहीत. हजारो शब्द येणारा माणूस, त्याला तेवढा एक शब्द येईना. आणि मंडळी, त्यांना हसू नका. बायकोला, भावाला, सुनेला तो शब्द आपण शेवटी कधी म्हणालो ते आठवून बघा. मी आठवून बघितलं — मलाही वेळ लागला.

शनिवार उजाडला. देवळात एका बाकावर पंच बसलेले. मध्ये पाळकसाहेब उजागरे, म्हातारे, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. शेजारी लोंढे पंच — मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि परीक्षेत कुणी नापास झालं की त्यांना जरा बरं वाटायचं. समोर चटईवर कौसल्या, डोक्यावर पदर. मागे तिला शिकवणारे म्हणून मास्तर. सकाळी त्यांनी तिला बजावलं होतं, "एवढा एक शब्द सांभाळ." ती "व्हय" म्हणाली होती.

पाळकसाहेब म्हणाले, "आधी प्रार्थना म्हण, मुली."

कौसल्यानं डोळे मिटले. हात जोडले. "हे —" आणि थांबली. "हे आपल्या बापा —"

लोंढे पंच फस्सकन हसले! "मास्तर, अहो, तुमच्या घरातलं व्याकरण चुकलं!" दुसरे पंचही हसले. मास्तरांचे कान लाल झाले. आता ही परीक्षा गेली, बाप्तिस्मा गेला, सून गेली — सगळं एका शब्दावरून गेलं, असं त्यांना वाटलं.

पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मुली, चुकून म्हणालीस?"

"न्हाई, पाळकसाहेब." तिनं डोळे उघडले. "मला 'आमच्या' म्हनवत न्हाई. घशात अडकतं. माझा बाप म्हनला, आमच्यातून उठलीस. हितं आले, हितं बी एक 'आमच्यात' हाय." — मास्तरांकडे तिनं बघितलं नाही हं! — "मंग मी म्हनलं, मला कुठल्या 'आमच्यात' जागा हाय? रोज प्रार्थनेला बसले की रडू यायचं. मंग एक दिवस मनात आलं, ही प्रार्थना शिकवली कुनी? येशूनं. त्यो तर त्या बापाचा लेक. शिकवून काय उठून गेला आसंल? मी हाक मारते तवा माझ्या शेजारीच बसला आसंल की! मंग त्याच्या देखत त्याच्याच बापाला 'आमच्या बापा' कसं म्हनू? त्यो म्हनंल, अगं बाई, मला का भाईर काढतीस? म्हनून मी 'आपल्या' म्हनते. त्याचा आन् माझा."

देवळात आता कुणी हसेना, मंडळी. लोंढे पंचांच्या मिशासुद्धा खाली आल्या!

पाळकसाहेबांनी विचारलं, "हे तुला सुचवलं कुणी?"

"कुनीच न्हाई. मामंजी सांगत्यात, म्हनू नको. मी बी ठरवते, म्हनायचं न्हाई. पर तोंड उघडलं की आतनं तेच येतं. आत कोन म्हनतंय, मला ठावं न्हाई."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. डोळे पुसले. म्हणाले, "मला ठाऊक आहे, मुली, आत कोण म्हणतंय ते."

तरी लोंढे पंच म्हणतात कसे, "पण साहेब, मुख्य प्रश्न राहिलाच की! देव एक की तीन?"

"लोंढे," पाळकसाहेब म्हणाले, "बसा. तिनं आत्ताच सांगितलं."

सांगितलं की हो मंडळी! ज्याला हाक मारली तो पिता, समोर ऐकतो आहे. ज्यानं हाक मारायला शिकवली तो पुत्र, खांद्याला खांदा लावून बसला आहे. आणि जो आतून हाक मारायला लावतो तो पवित्र आत्मा, काळजात आहे. समोर देव, शेजारी देव, आत देव — आणि देव एकच! आणि मध्ये कोण बसलंय? कुणाच्याच 'आमच्यात' नसलेली एक पोर! पाणी नको, बर्फ नको, चुलीचे दगड नकोत. ते तिघे आपल्या प्रेमात जागा करून बसले होते, आणि ही जाऊन मध्ये बसली.

पिता ऐके पुढे, पुत्र बैसे पाशी।
आत्मा अंतरासी, बोलवितो॥

आता मास्तर उठले. सगळ्यांना वाटलं, व्याकरणाचा नियम सांगणार! म्हणाले, "पाळकसाहेब, चाळीस वर्षं मी त्रैक्य शिकवलं. मला वाटायचं, मी माणसांना दारातून आत आणतो आहे. ही मुलगी माझ्या घरात आली तेव्हा मीच दारात आडवा उभा होतो." मग सुनेकडे वळले. सासरा सुनेकडे असा कधी वळतो हो? पण वळले. "सूनबाई, 'आमच्यात असं विचारत नाहीत' असं मी तुला म्हणालो. ते वाक्य व्याकरणानं अगदी शुद्ध होतं. आणि ते पाप होतं. मला क्षमा कर."

आणि तो काळ्या कोटातला माणूस, ज्यानं गावातल्या कुणापुढे कधी चूक कबूल केली नव्हती, तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. कौसल्यानं पदर तोंडाला लावला आणि रडली. पंचांनी तिला पास केलं, पण त्याकडे मास्तरांचं लक्षच नव्हतं. खोली ठरलेलीच होती. ती क्षमा करील की नाही, राहील की जाईल, कुणालाच कळेना.

त्या दिवशी दिवेलागणीला सतरंजी अंथरली. चौघे बसले. मास्तर म्हणाले, "सूनबाई, आज प्रार्थना तू सांग." त्यांनी मनाशी ठरवलं होतं, तिच्यामागून 'आपल्या बापा' म्हणायचं. या वयात नवीन शब्द शिकायचा!

कौसल्यानं हात जोडले. स्पष्ट आवाजात म्हणाली, "हे आमच्या बापा —"

मास्तरांनी डोळे उघडले! ती पण त्यांच्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर हसू. म्हणाली, "बरूबर हाय ना, मामंजी? आता आपन सगळी, येशू बी, एकीकडंच बसलोय. आता 'आमच्या' म्हनलं तर भाईर कुनी ऱ्हात न्हाई."

सुलाबाईंनी हळूच विचारलं, "आणि खोली?"

अनुग्रह म्हणाला, "सोमवारी सांगतो, नको म्हणून."

आणि थोमामास्तर कसोटे, ज्यांना प्रार्थनेतला एक अनुस्वार चुकलेला चालत नव्हता, त्यांना पुढची प्रार्थना म्हणताच आली नाही. सुनेनं ती एकटीनं पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला. तो तर व्हायचाच होता. पण ती घरात आली ती शनिवारी संध्याकाळी.

मंडळी, गोष्ट संपली. आता तुमच्याकडे येतो. चुळबुळ करू नका!

त्रैक्य कळलं का, असं मी सुरुवातीला विचारलं. कुणाला कळलं ते कसं ओळखायचं, सांगू? त्याला वर्तुळं काढायला सांगू नका. त्याच्या घरी जा. सून कुठे बसते बघा. जावई दुसऱ्या देवळाच्या मंडळीतला आहे तो कुठे बसतो बघा. ज्या मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं तिचं नाव घरात निघतं का बघा. आपल्या या देवळात शेवटच्या बाकावर एक माणूस दर रविवारी येतो, कुणी बोलत नाही म्हणून शेवटचं गीत संपायच्या आधी निघून जातो. मागे वळून बघू नका, तो कोण ते तुम्हाला माहीत आहे! त्याला कुणी कधीतरी सांगितलेलं असतं — "आमच्यात असं नसतं." देवाच्या आत जागा आहे, आणि आपल्या बाकावर नाही? पिता, पुत्र, पवित्र आत्मा सरकून बसतात, आणि आपण पाय पसरून बसतो? मग आपण 'एक देव, बोला' असं ओरडलो ते कुणाला ऐकवायला?

उठा, मंडळी. सगळे उठा. हात जोडा. आता प्रार्थना म्हणायची आहे. पण आज मी सुरुवात करणार नाही. पाळकसाहेबांनीही करू नये. ज्यांचा आवाज या देवळात 'आमच्या' म्हणताना आजवर अडकत आला, त्यांच्यातल्या कुणीतरी करावी. बाई असो, पोर असो, चुकीच्या शब्दानं करो, कशीही करो. पेटी बंद करा. तबल्यावरचा हात काढा.

आपण थांबू.